परत आल्यावरच जास्त बिचकायला झालं

परदेशातून वर्षभरानं परतल्यावर आपलंच गाव परकं वाटतं, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. मी जर्मनीत म्युनिकला होतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेडसाठी पळापळ. डिसेंबरात साडेचारलाच अंधार. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळायचे, त्यामुळे बाटल्या साठवायची सवय लागली. पुण्यात आल्यावरही महिनाभर साठवत होतो. शेवटी आईनं सगळ्या भंगारवाल्याला दिल्या, वर ‘तिकडे हेच शिकलास का?’ हेही ऐकवलं. त्याहून कहर म्हणजे, रिकाम्या रस्त्यावर सिग्नलच्या हिरव्या माणसाची वाट बघत उभा राहिलो, तर शेजारचे आजोबा काळजीनं म्हणाले, “काय हो, चक्कर येतेय का?”