खोलीवरचा झटपट स्वयंपाक: पाण्याचं माप सांगा, अंदाज नको (अनुभव धागा)

पीठमीठ
भाची पार्ल्यात पीजीवर राहायला आली आणि पहिला प्रश्न तिने हाच विचारला, "मावशी, पाणी अंदाजाने म्हणजे किती?" हॉस्टेलचे दिवस आठवले. तेव्हाही कृती सगळे सांगायचे, माप कोणीच नाही. म्हणून हा धागा. पास्ता, रवा, दलिया, तांदूळ काहीही चालेल. अट एवढीच: शाकाहारी, स्वस्त, एका भांड्यात, अर्ध्या तासाच्या आत. आणि पाण्याचं माप हवंच. वाटी म्हणजे आमटीची, साधारण १५० मिली.

सुरुवात माझ्याकडून. एका भांड्यातला पास्ता, एकाला पोटभर. एक मोठा चमचा तेल, ४ लसूण पाकळ्या ठेचून. लसूण पांढराच असताना पुढचं घालायचं, तांबूस झाला की कडवट लागतो. दोन टोमॅटो बारीक चिरून, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा तिखट, चिमूटभर साखर. टोमॅटो गळले की १०० ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) आणि सव्वादोन वाट्या पाणी. झाकण ठेवून मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटं, मधे तीनदा तळापासून ढवळायचं. पाणी ओतून द्यायचं नसल्यामुळे त्यातला स्टार्च रसातच राहतो आणि रस पास्त्याला धरतो, क्रीम लागत नाही. मीठ मात्र जपून, कारण घातलेलं सगळं ताटात येतं.

माटुंगा_लेबर_कॅम्प
पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलंय का बघून घ्या. मैद्याचा स्वस्त पास्ता या पद्धतीत लगदा होतो. तोच घरात असेल तर वेगळ्या उकळत्या पाण्यात शिजवा, पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी उपसा आणि मग रसात घाला.

घाईत_आहे
कुकरमध्ये चालतो का? इंडक्शन नाही, गॅस आहे.

माटुंगा_लेबर_कॅम्प
चालतो. मॅकरोनी २ वाट्या, चिरलेले टोमॅटो २, पाणी दीड वाटी, एक चमचा तेल. मोठ्या आचेवर एकच शिट्टी. लगेच गॅस बंद आणि कुकर नळाखाली धरून वाफ घालवा. आपोआप वाफ जाईपर्यंत थांबलात तर आतल्या आत शिजत राहतो आणि गोळा होतो. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, पास्त्याचा फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. तेल त्या फेसासाठीच. उघड्या पातेल्यात पास्ता उकळताना तेल घालायची गरज नाही, उलट मग रस नीट चिकटत नाही.

परळची_सून
पास्ता पास्ता काय करताय, आपल्या चकोल्या आहेत की! काही घरांत वरणफळं म्हणतात. तूरडाळ अर्धी वाटी, दीड वाटी पाणी, हळद, हिंग घालून कुकरला ४ शिट्ट्या. तोवर एक वाटी कणीक, पाव चमचा मीठ, चमचाभर तेल, पोळीपेक्षा घट्ट मळायची. सैल मळली की फळं आमटीत विरघळतात. लाटून शंकरपाळ्यासारखे काप. फोडणी मोहरी, जिरं, लसूण, कढीपत्ता. त्यात घोटलेली डाळ आणि ३ वाट्या पाणी, गोडा मसाला एक चमचा, दोन आमसुलं, गूळ, मीठ. आता मुख्य गोष्ट. आमटी खळखळ उकळत असतानाच काप एकेक सोडायचे. गार आमटीत किंवा सगळे एकदम टाकले की एकमेकांना चिकटून आत पिठाचा गोळा कच्चा राहतो. झाकण अर्धवट ठेवून १० मिनिटं. एक काप मोडून बघायचा, मधे पांढरी रेघ दिसली तर अजून तीन मिनिटं. आमटी पातळ वाटली तरी आटवू नका, ताटात पडेपर्यंत काप पाणी पितात.

तूपसाखर
परळची_सून, तोंडाला पाणी सुटलं. पोळपाट-लाटणं नसेल तर?

परळची_सून
कणकेच्या छोट्या गोळ्या करून अंगठ्याने चपट्या दाबायच्या, मधे खळगा पडला की नीट शिजतात. तेवढाही वेळ नसेल तर पोळीभाजी केंद्रातून आणलेल्या दोन पोळ्यांचे तुकडे उकळत्या आमटीत टाका, दोन मिनिटांत खाली उतरवा.

कांदेनवमी
उकड कोणी लिहिली नाही अजून?? तांदळाचं पीठ १ वाटी, आंबट ताक ३ वाट्या. पीठ गार ताकात आधी कालवायचं, गुठळी राहता कामा नये. मीठही त्यातच. तेल दोन चमचे, मोहरी, हिंग, हळद, ८ लसूण पाकळ्या, ३ हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, वरून कालवलेलं ताक. मंद आच, हात थांबवायचा नाही, घट्ट झाली की झाकण ठेवून ५ मिनिटं वाफ. ओल्या बोटाला चिकटली नाही आणि चकाकी आली म्हणजे झाली. वरून कच्चं तेल हवंच हवं. एकदम स्वस्त आणि आजारी माणसालाही चालते.

रात्रीची_विरार
रात्री उशिरा घरी पोचणाऱ्यांसाठी दलिया. एक वाटी दलिया कोरडा भाजून डब्यात ठेवलेला असला की काम अर्धं होतं. दलिया १ वाटी, मूगडाळ अर्धी, पाणी ५ वाट्या, जी भाजी असेल ती, मीठ, हळद, ३ शिट्ट्या. डाळ वगळू नका. गव्हात लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असतं, ते डाळीतून मिळतं. पोटही सकाळपर्यंत भरलेलं राहतं.

पीठमीठ
हे भाचीला आत्ताच पाठवते. ती रोज दहाला घरी येते बिचारी.

तूपसाखर
माझी मुलगीपण. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. पोरांचे फार हाल होतात.

घाईत_आहे
माझ्या उपम्यात गुठळ्या होतात. रवा १ पाणी २.

कांदेनवमी
पाणी अडीच घ्या, मऊ हवा तर तीन. ते खळखळ उकळलेलं हवं, कोमट पाण्यात रवा गेला की गुठळी ठरलेली. एका हाताने रवा भुरभुरवत सोडायचा, दुसऱ्याने ढवळायचं. आधी मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचा. तांबूस नको.

लालबाग_मसाला
पावसाळ्यात रव्यात किडे होतात त्यावर: आणल्याबरोबर कोरडा भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरला तर झाकणाला वाफ धरते आणि बुरशी येते. फ्रिज असेल तर सरळ फ्रिजमध्ये. मुंबईच्या हवेत पाच किलोची पिशवी एकट्याने घेऊच नये, पाव-अर्धा किलो सुटा घ्या.

माटुंगा_लेबर_कॅम्प
+१. आणि फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात बाहेर ठेवू नका. भातातल्या बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उष्ण हवेत वाढून विष तयार करतात आणि ते परत गरम करूनही जात नाही. ताटात पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये.

रात्रीची_विरार
पास्त्यात प्रथिनं हवी असतील तर सोयाचा चुरा अर्धी वाटी गरम पाण्यात १० मिनिटं भिजवा आणि घट्ट पिळा. पिळला नाही तर कच्चट वास येतो. पीठमीठच्या कृतीत टोमॅटोबरोबर घाला, पाणी अर्धी वाटी वाढवा, पावभाजी मसाला अर्धा चमचा.

तूपसाखर
व्हाइट सॉस विचारला होता मुलीने. मैदा नाही तिच्याकडे.

पीठमीठ
कणीक चालते, रंग जरा मातकट येतो. लोणी १ मोठा चमचा, कणीक १ मोठा चमचा, मंद आचेवर दोन मिनिटं परतायची. भांडं खाली उतरवून गार दूध सव्वा वाटी, थोडं थोडं, प्रत्येक वेळी घोटून. मग परत आचेवर, चमच्याच्या पाठीला थर धरेपर्यंत. चीजचा एक क्यूब किसून शेवटी, आच बंद करून.

घाईत_आहे
रूममेट इंडक्शन आणतोय. माझं ॲल्युमिनियमचं पातेलं चालेल?

लालबाग_मसाला
नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक तळाला घट्ट चिकटलं तरच चालेल, आणि तळ सपाट हवा. खोलीतला छोटा ६ अँपिअरचा सॉकेट साधारण १३८० वॅटपर्यंतच झेपतो, त्यावर इंडक्शन १८०० ला लावलं तर सॉकेट तापतो. १००० ते १२०० वर ठेवा, एक्स्टेंशन बोर्डावर तर नकोच.

घाईत_आहे
धन्यवाद दादा. एसीचा मोठा सॉकेट आहे खोलीत, तिथे लावू ना?

लालबाग_मसाला
तो १६ अँपिअरचा असतो, तिथे चालेल. एसी बंद करून.