डबाबंद ओलं खाणं की मासे-भात? परवाच्या पोस्टला उत्तर

खाडीकाठ (रत्नागिरी)

परवा इथे एकांनी ठासून लिहिलं : ‘डब्यातलं ओलं खाणं म्हणजे रसायनात मुरवलेलं पाणी. कोकणात दारात मासळी येते. कुत्र्याला मासे-भात घाला, डबे मुंबईकरांना लखलाभ.’ खाली माना डोलावणारेच जास्त. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी रसायनं. डबा भरून झाकण बसवलं की तो आतल्या मालासकट दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास शिजवतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष करणाऱ्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीला मरत नाहीत, त्यासाठी एवढी उष्णता. आत जंतू उरले नाहीत आणि बाहेरून शिरायला वाट नाही, एवढ्यावरच डबा टिकतो. टिकाऊपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही.

आता पाणी. ते आहेच, ७५ ते ८२ टक्के. पण लेबलावर ‘प्रथिनं ८ टक्के’ वाचून नाक मुरडण्याआधी पाणी वजा करा. ८० भाग पाणी गेलं, उरले २०. त्यात ८ प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. कोरड्या दाण्यांच्या (ड्राय डॉग फूडच्या) पिशवीवर प्रथिनं २४ आणि पाणी १० असेल तर तोच हिशेब २६-२७ टक्क्यांवर येतो. आणि ज्या कुत्र्याला मूतखड्याची खोड आहे किंवा जो पाण्याच्या भांड्याकडे फिरकत नाही, त्याच्या पोटात खाण्यातून जाणारं हे पाणीच औषधासारखं कामी येतं. मे महिन्यात दमट हवेत धापा टाकूनही त्याचं अंग लवकर निवत नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने बघावी. लेबलावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’? दुसरं असेल तर ते तोंडीलावणं आहे, रोजचं जेवण नाही. रस्सा असलेली पुष्कळशी छोटी पाकिटं या दुसऱ्या जातीची असतात.

माड_पोफळी (मालवण)

ती पोस्ट माझीच. रसायनांचं मी चुकीचं लिहिलं, तेवढं मागे घेते. बाकी शब्दही मागे घेत नाही.

पाणी वजा करायचा हिशेब प्रथिनांपुरताच का थांबवलात? त्याच डब्यावर स्निग्धांश ५ टक्के लिहिलेला असतो. तोही २० भागांत धरा : २५ टक्के. बसून राहणाऱ्या, सुटलेल्या लॅब्रेडॉरला एकदम असा डबा सुरू केला की स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्यांवर उलट्या. हे का नाही लिहिलंत?

आणि प्रमाण? १० किलोच्या, नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी लागतात. तुमच्या उदाहरणातल्या डब्यात १०० ग्रॅमला जेमतेम ८५ मिळतात. म्हणजे दिवसाला ७४० ग्रॅम, ४०० ग्रॅमचे जवळजवळ दोन डबे, महिन्याला छप्पन्न! कोणाच्या खिशाला परवडतं ते सांगा.

शिवाय उघडलेला डबा. झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, तोही ४ अंशांवर. आमच्याकडे पावसात वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही. फ्रिज कोमट, डबा आंबलेला. कागदावर सगळं छान दिसतं हो.

खाडीकाठ

स्निग्धांशाचं बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं. म्हणूनच डबा एकदम सुरू करायचा नसतो. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण, सात ते दहा दिवसांत पूर्ण. शी पातळ झाली की एक पायरी मागे.

पण दोन डबे घाला असं म्हटलं कोणी? ४०० ग्रॅमचा एक डबा दोन दिवसांना पुरवा. २०० ग्रॅममधून १७० कॅलरी, उरलेल्या ४६० साठी कोरडे दाणे १३० ग्रॅमच्या आसपास. उरलेला अर्धा डबा पत्र्यातच ठेवू नका, काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढा. भांड्यात वाढलेलं पावसाळ्यात तासाभरात उचला. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर त्याला भूक नाही एवढाच त्याचा अर्थ. वीज बेभरवशाची असेल तर एका जेवणाचं छोटं पाकीट घ्या, शिल्लकच राहणार नाही.

आणि विजेवरून डब्याला बोल लावायचा तर तुमच्या मासे-भाताचं काय? तो वीज नसताना टिकतो?

दापोली_अंगण

मूळ वाद बाजूला राहू दे, मासे-भातावर कोणी नीट बोलणार आहे का? काटे काढलेला मासा आणि भात यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावालाही नाही. दोन्हींचं प्रमाण निदान एकास एक तरी हवं. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने असं घातलं की पाय वाकतात, हाड साध्या उडीने मोडतं. वर मग ‘ऊन मिळालं नाही’ म्हणायचं.

घरचंच घालायचं तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळा, कडक वाळवा, मिक्सरमध्ये अगदी पीठ होईपर्यंत फिरवा. ६३० कॅलरी खाणाऱ्या १० किलोच्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला चहाच्या चमच्याने सपाट अर्धा चमचा. त्यातून साधारण एक ग्रॅम कॅल्शियम जातं. तरीही जस्त, तांबं आणि ई जीवनसत्त्व कमी पडतंच. पिल्लाचं गणित वेगळं, ते अंदाजाने करू नका.

माड_पोफळी

काटे काढायला सांगितलंय कोणी? बाजारात स्वस्त मिळते ती तारली घ्या. पोट साफ करा, खवले काढा, बुडेल एवढं पाणी घालून कुकरला लावा. पहिली शिटी झाली की मंद आचेवर पाऊण तास. मीठ नाही, हळद नाही, काही नाही. थंड झाल्यावर मधला काटा दोन बोटांत धरून चुरडून बघा. खडूसारखा भुगा झाला पाहिजे. टोचला तर परत कुकरला. काट्यासकट कुस्करलं की कॅल्शियम आपोआप आलं, टरफलं कशाला?

आणि कालवणातला मासा उचलून घालणाऱ्यांनी हे नक्की वाचा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. धुऊन घातला तरी चालत नाही, रस मांसात मुरलेला असतो.

हर्णै_बंदर

कुकरची रीत चांगली आहे. पण मासळी कुठली घेता त्यावर सगळं आहे, आणि इथे त्यावर एक अक्षर नाही.

बांगडा, तारली, कुपा, गेदर हे काळ्या मांसाचे मासे. बर्फाशिवाय तापले की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. हे शिजवून जात नाही, कुकरने जात नाही, फ्रीझरने जात नाही. माणसाचं अंग लालबुंद होतं, पित्त उठतं, ते यानेच. आणि आपल्याकडे कुत्र्याचा वाटा म्हणून काय घेतात? दुपारी बारा वाजता टोपलीच्या तळाशी उरलेला, पोट फुटलेला स्वस्त वाटा! डोळा खोल गेलेला, कल्ला तपकिरी, बोटाने दाबलं की खड्डा तसाच. हा मासा आपल्या ताटात घ्याल का? मग कुत्र्याला का?

कच्ची तारली घालणारेही आहेत. तिच्यात थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, रोज घातली तर बी-१ ची कमतरता होऊन झोकांड्या, झटके. शिजवल्यावर ते विकर नष्ट होतं. आणि किनाऱ्यावर मोकळा सोडलेला कुत्रा रापणीतून (किनाऱ्यावर ओढायच्या जाळ्यातून) फेकलेला केंड, म्हणजे तो फुगणारा विषारी मासा, उचलतो, त्याकडे लक्ष ठेवा. त्याच्या विषाला उतारा नाही.

माड_पोफळी

दादा, कोळणीच्या टोपलीवर एवढं बोललात. डब्यातला मासा कुठल्या टोपलीतला असतो? शिजवून हिस्टामिन जात नाही म्हणता, मग १२१ अंशांनी तरी कसं जाईल? आमचा मासा निदान कल्ला उघडून बघता येतो. डब्यातला गुळगुळीत लगदा कोण तपासतं? २००७ साली अमेरिकेत मेलामाइन हे प्लास्टिकच्या कामाचं रसायन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमुळे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं गेली. परत मागवलेला माल मुख्यतः रस्सा-तुकड्यांचा, डबे आणि पाकिटं यांतलाच होता.

हर्णै_बंदर

हिस्टामिन डब्यातही जात नाही, हे खरं आहे. मी डब्याची वकिली करत नव्हतो. सकाळचा, बर्फातला मासा घ्या, एवढंच म्हणणं.

खाडीकाठ

२००७ चं नाकारत नाही. पण कोरडे दाणे तरी कुठे सुटलेत? त्यात बुरशीचं अफलाटॉक्सिन हे विष निघतं, आणि आपल्या पावसाळ्यात उघडी पिशवी त्याला आयतं घर. मूळ पिशवी तशीच घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, जुन्या चुऱ्यावर नवे दाणे ओतू नका, महिन्याच्या आत संपवा.

ताई, आता एवढंच सांगा. राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी तारली कुठून आणणार? सुका बांगडा म्हणाल तर तो रात्रभर भिजवूनही खारटच राहतो.

माड_पोफळी

सुका बांगडा मी सांगितलेलाच नाही, माझ्या तोंडी घालू नका! अंडी मिळतात, कोंबडी मिळते. तेव्हा मात्र टरफलाची पूड घालावी लागेल, दापोलीकरांचं तेवढं बरोबर. आणि वीज आठ-आठ तास जाते त्या दिवसांसाठी एका जेवणाची चार पाकिटं कपाटात ठेवायला माझी ना नाही. चारच. रोजचं जेवण म्हणून नाही.

पण तुमचे ते रिकामे डबे, त्यावर कोणीच बोलत नाही. सुट्टीला येणारे लोक किनाऱ्यावर भटक्या कुत्र्यांपुढे डबा उघडून ठेवतात आणि निघून जातात. तळाचं चाटायला कुत्रा तोंड घालतो, पत्र्याच्या धारेने जीभ कापते, नाहीतर तोंडच अडकतं. गावात कचरागाडी नाही, डबे जातात पऱ्यात (ओढ्यात).

खाडीकाठ

यावर वाद नाही. डबा धुवा, ओढून काढलेलं झाकण आत टाका, आडवा ठेवून टाचेने पूर्ण चेपा आणि भंगारवाल्याकडे द्या. भटक्यांना घालायचंच तर पत्रावळीवर घाला आणि खाऊन होईपर्यंत उभे राहा. उरलेलं उचलून न्या, नाहीतर रात्री उंदीर येतात. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि अनवाणी फिरणाऱ्या माणसालाही.

दापोली_अंगण

घरात साठवलेल्या डब्यांचंही बघा. खाऱ्या हवेत पत्रा गंजतो. वरवरचा तांबूस डाग पुसून निघाला तर ठीक. नखाने खरवडल्यावर खड्डा लागला, किंवा गंज वरच्या-खालच्या दुमडीत शिरला, तर तो डबा गेला. दुमडीवर पोचा आलेला चालत नाही, फुगलेला तर उघडूनही बघू नका. जमिनीला न टेकवता फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा.

माड_पोफळी

लहान तारलीला कुकरमध्ये अर्धा तासही पुरतो, हे वर लिहायचं राहिलं. वीतभर असेल तर मात्र पाऊण तास.