मदत हवी आहे: युग्लीनाची कशाभिका हलताना कशी बघायची?

नमस्कार मंडळी,
लेकीच्या नववीच्या प्रकल्पासाठी डबक्यातलं हिरवं पाणी आणून मायक्रोस्कोपखाली ठेवलं. चारशेपट मोठं करून पाहिलं तर लांबुळके हिरवे जीव सुसाट पळतायत, मध्येच जळवेसारखं अंग आखडतात, फुगवतात. पुढच्या टोकाला लाल ठिपका, म्हणजे युग्लीना हा एकपेशीय जीवच असणार. (क्लॅमिडोमोनास हा दुसरा हिरवा एकपेशीय जीव अंग असं मुरडत नाही.)

पण ज्या कशाभिकेच्या, म्हणजे बारीक धाग्याच्या, जोरावर ही पळापळ चाललीय, तीच दिसेना! पुस्तकातल्या चित्रात मात्र चाबकासारखी ठसठशीत. तशा युग्लीनाला कशाभिका दोन, पण आखूड असते ती आतल्या खळग्यातच राहते.

आयोडीनचा थेंब सोडला. कशाभिका अंधूक दिसली खरी, पण जीवच मेले. लेकीला ती हलतानाच बघायचीय. कापसाचे तंतू टाकले, तर थोडा वेळ अडकतात आणि निसटतात. जीवांचा वेग कमी करायला मिथाइल सेल्युलोजचं (पाणी दाट करणारी पूड) द्रावण किती दाट करायचं? त्याऐवजी घरातलं काही चालेल का? आणि मायक्रोस्कोपचा डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) किती मिटला की कडा उठून दिसतील? सोमवारी प्रकल्प द्यायचाय, कुणी हे स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.