मदत हवी आहे: पॅटरसन-गिमलिन फिल्मचा वेग कसा ठरवायचा?

20 ऑक्टोबर 1967 ला कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकला पॅटरसनने, सोबत गिमलिन असताना, घेतलेल्या बिगफूटच्या (जंगलात असल्याचं सांगितलं जाणारा केसाळ, माणसासारखा प्राणी) फिल्मवर अडलोय. कॅमेरा 16 मिमीचा, पण सेकंदाला किती फ्रेम्स, हे पॅटरसनला नक्की सांगता आलं नव्हतं. सगळं घोडं इथेच अडतं: 24 धरल्या तर चाल सरळ माणसाची वाटते, 16-18 धरल्या तर नाही.

352 वी फ्रेम, ज्यात तो प्राणी मान वळवून बघतो ती, आणि हातांचे झोके तपासून झाले. वेग त्यातून निघत नाही. पोशाख घालून चालणारा मीच होतो हा बॉब हेरोनिमसचा दावा आणि गिमलिनचा नकार माहीत आहे, तो वाद नको. माझ्याकडे फक्त डिजिटल प्रत आहे.

सुरुवातीला पॅटरसन पळताना कॅमेऱ्याला बसलेल्या हादऱ्यांवरून वेग खात्रीने काढता येतो का, की त्यासाठी त्याच्या पावलांची गती आधी गृहीतच धरावी लागते?