नागपुरात राहून स्वतंत्र ॲनिमेटर होता येते का?

धरमपेठ_स्केच: ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर शॉर्टफिल्म करून राहिलो, घरचे म्हणतात पुण्याला जाऊन स्टुडिओत लाग, पण मला आर्ट डायरेक्शनच (फिल्मचं रंगरूप ठरवायचं काम) करायचं आहे, इथूनच जमते का जी?

सदरवाली: जमते भाऊ. ॲनिमेशन फिल्म करणाऱ्या गीतांजली राव पाहा, मुंबईच्या जे.जे.त अप्लाइड आर्ट केलं, ॲनिमेशन स्वतःच शिकल्या, अन् त्यांची 'प्रिंटेड रेनबो' ही शॉर्टफिल्म २००६ साली कान्स फिल्म फेस्टिवलच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेली. पण सेकंदाला २४ फ्रेम, टूजवर (एक चित्र दोन फ्रेम ठेवून) केलं तरी १२ चित्रं, म्हणजे मिनिटाला ७२०, तेव्हा फिल्म लहानच ठेव.

जुना_फ्रेमवाला: पोर्टफोलिओत नुसती कॅरेक्टरं नको, आर्ट डायरेक्टरची कलर स्क्रिप्ट (कोणत्या सीनला कोणते रंग, त्याची चित्रं) अन् बॅकग्राउंड पाहतात. सीताबर्डीची संध्याकाळची गर्दी रंगव ना. अन् क्लायंटकडून अर्धे पैसे आधीच घे, अगदी कळकळीनं सांगतो.