मदत हवी आहे: मुलगी रात्री झोपेत किंचाळते आणि आम्हाला ओळखत नाही

मुग्धा_का
आमची मुलगी हल्ली रात्री एकाएकी किंचाळून उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामाने ओले, छाती धडधडते आहे, आणि मी जवळ घ्यायला गेले तर "मला आई पाहिजे" असे ओरडत मलाच ढकलते. थोड्या वेळाने ती आपोआप आडवी होते. आम्ही मात्र जागेच राहतो. सासूबाईंची मीठ-मोहरीने दृष्ट काढून झाली आहे. कृपया "घाबरू नका" हा सल्ला वगळून नेमके काय करायचे तेवढे सांगावे.

नचिकेत_ठाणे
मुलीचे वय किती, झोप लागल्यानंतर किती वेळाने हे घडते आणि सकाळी तिला काही आठवते का, हे कळल्याशिवाय काहीही सांगणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

तीन_नातवंडे
रात्री दुधात जायफळ उगाळून द्यावे आणि उशाशी बसून रामरक्षा म्हणावी. आमच्याकडची सगळी मुले यावरच शांत झोपली.

रसायनी
आजी, रामरक्षेला माझी ना नाही. जायफळात मात्र मायरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर धडधड आणि भ्रम होतो, म्हणजे ज्याची तक्रार आहे तेच वाढायचे.

तीन_नातवंडे
सहाणेवरच्या दोन वेढ्यांनी कोणाला भ्रम झालेला मी तरी पाहिलेला नाही.

मुग्धा_का
वय चार पूर्ण. सव्वादहाच्या सुमारास झोपते आणि बाराच्या आसपास हा प्रकार होतो. सकाळी तिला काहीही आठवत नाही. जूनपासून सकाळची शाळा असल्यामुळे सहाला उठवावे लागते. आता उपाय सांगाल का?

नचिकेत_ठाणे
उपाय तुमच्या याच उत्तरात आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते आणि तुमच्या मुलीला रात्री आठ तासही मिळत नाहीत. रात्रीच्या पहिल्या प्रहरात झोप सर्वांत गाढ असते, आणि अपुरी झोप साचली की ती आणखी गाढ होते. त्या झोपेतून मूल अर्धवटच वर आले की डोळे उघडे, तोंडाने किंकाळ्या, पण मन झोपलेलेच, अशी अवस्था होते. यालाच नाइट टेरर म्हणतात. त्या वेळी तिला हलवून जागे करणे, तोंडावर पाणी मारणे किंवा घट्ट धरून ठेवणे टाळावे. दिवा मंद ठेवावा, पलंगावरून पडणार नाही एवढे पाहावे आणि थांबावे. सकाळी खोदून खोदून विचारूही नये. दुपारी ती झोपते का?

झोपाळू_बाबा
आमच्या मुलाला स्वप्नात काळा कुत्रा दिसायचा. आम्ही दिवसा त्याच्याकडून त्या कुत्र्याचे चित्र काढून घेतले, गळ्यात घंटा बांधली आणि गोष्टीचा शेवट बदलून टाकला. झोपण्यापूर्वीचे कार्टूनही बंद केले. हळूहळू फरक पडला.

रसायनी
उपाय चांगला आहे, पण तो दुःस्वप्नाचा. दुःस्वप्न बहुधा पहाटेकडे पडते, मूल पूर्ण जागे होते, काय दिसले ते सांगते आणि कुशीत शिरते. इथे मुलगी आईलाच ओळखत नाही. मुग्धाताई, वेळ ठरलेली असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे तिला हलकेच चाळवावे, ती कूस बदलून काही पुटपुटली की पुन्हा झोपू द्यावे, आणि हे दोन ते चार आठवडे नेमाने करावे.

तीन_नातवंडे
झोपलेल्या लेकराला मुद्दाम उठवायचे? हे अजबच ऐकते आहे.

नचिकेत_ठाणे
या बाबतीत मी आजींच्या बाजूने आहे. आधीच कमी असलेली झोप मोडण्यापूर्वी निजण्याची वेळ अलीकडे आणून पाहावी.

गार्गी_पुणे
मूल घोरते का? टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्यामुळे श्वास अडत असेल तरी असे होते. तापातही होते. काही औषध चालू आहे का?

मुग्धा_का
दुपारची झोप शाळा सुरू झाल्यापासून बंद झाली. घोरत नाही. औषध काहीच नाही. रात्री सर्दीचे सिरप तेवढे देतो, मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनचे, पण त्याचा झोपेशी काय संबंध?

गार्गी_पुणे
मॉन्टेलुकास्टचा संबंध असू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने मार्च २०२० मध्ये या औषधावर सर्वांत ठळक श्रेणीचा इशारा छापायला लावला. त्याच्या नोंदलेल्या दुष्परिणामांत दुःस्वप्ने, झोपेतील गडबड आणि चिडचिड येते. केवळ ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते इतर औषधांनी भागत नसेल तरच द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून आधी सिरप सुरू झाले की आधी किंचाळणे, हे आठवून बालरोगतज्ज्ञांना फोन करावा. तिला दमा असेल तर ते परस्पर बंद करू नये.

नचिकेत_ठाणे
जाताना मोबाइलवर एक चित्रण करून न्यावे. एकाच रात्री पुन्हा पुन्हा, काही सेकंदांचे, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल असलेले झटके येत असतील तर आकडीचा प्रकार नाही ना, हे तपासावे लागते, आणि ते तोंडी वर्णनावरून ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

झोपाळू_बाबा
अंधारात चित्रण करणारा चांगला कॅमेरा कोणता? आम्हालाही पाळण्यासाठी घ्यायचा आहे.

मुग्धा_का
कॅमेऱ्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. फोन केला होता. डॉक्टरांनी तूर्त सिरप थांबवून भेटायला बोलावले आहे. अडचण निजण्याच्या वेळेची आहे. हे नऊनंतर घरी येतात आणि मुलगी बाबाची वाट पाहत जागी राहते. साडेआठला झोपवले तर दोघांची भेटच होणार नाही.

तीन_नातवंडे
मग सकाळची आंघोळ, वेणी आणि डबा बाबाकडे द्यावा, बसपर्यंतही त्यानेच सोडावे. वेणी वाकडी झाली तरी चालेल.