‘ॲडॉप्शन’ला मराठीत काय म्हणावं?

ग्रामीण गरिबी आणि शेतीतलं तंत्रज्ञान यावरचा एक शोधनिबंध मराठीत आणतोय. ‘ॲडॉप्शन’ (शेतकऱ्याने नवं तंत्र वापरायला घेणं) आणि ‘मिक्स्ड मेथड्स’ (सर्वेक्षणाचे आकडे आणि मुलाखती दोन्ही वापरणारं संशोधन) यांच्यापाशी अडलोय. एका भाषांतरात ‘तंत्रज्ञान दत्तक घेणे’ असं सापडलं. चालेल?

– दत्तक घेतलंत तर बारसंही करावं लागेल! ‘अवलंब’ घ्या. ‘स्वीकार’ मनातल्या मनातही होतो, शेतात काही बदललेलं दिसेलच असं नाही. ‘अंगीकार’ पार अंगवळणी पडल्यावर शोभतो.

– अवलंब ठीक, पण तो शेतकऱ्याच्या तोंडी नसतो. प्रश्नावलीत ‘अवलंब केला? हो/नाही’ असं विचारलं, तर ज्याने ठिबकच्या नळ्या एक हंगाम चालवल्या आणि आता गुंडाळून ठेवल्यात, त्याने खूण कुठे करायची? बोलताना तो सरळ सांगतो, ‘करून बघितलं, सोडलं.’ सर्वेक्षणाला मुलाखतींची जोड लागते ती इथेच.

– ‘घेतलं की नाही’ एवढंच विचारण्याला इतिहास आहे. संकरित मक्यावरचा रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या आयोवातला अभ्यास १९४३चा. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी १९२८ ते १९४१ दरम्यान ते बियाणं घेतलं. मग प्रश्न उरला फक्त ‘कधी घेतलं’ हा. पुढे १९६२मध्ये एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने कोण किती लवकर घेतो यावरून घेणाऱ्यांचे पाच गट पाडले, त्यातला शेवटचा ‘लॅगार्ड्‌स’. याचं ‘मागासलेले’ कृपया करू नका, ‘सर्वांत शेवटी घेणारे’ म्हणा. जमीन दुसऱ्याची, हातात भांडवल नाही, एक हंगाम बुडाला तर कर्ज. असा माणूस थांबतो तेव्हा त्याचा हिशेब बरोबरच असू शकतो. ‘मागासलेले’ म्हटलं की गरिबी त्याच्या स्वभावात जाऊन बसते.

– ‘मिक्स्ड मेथड्स’ला ‘मिश्र पद्धती’ रूढ आहे, तेच ठेवा. माझी कुरकुर एवढीच, की मिश्र पिकात बी मिसळून पेरतात, ओळी वेगळ्या राहत नाहीत. आंतरपिकात राहतात. चांगल्या संशोधनात आकडे आणि मुलाखती आपापल्या ओळीत वाढतात, म्हणून तर एकमेकांशी ताडून बघता येतात. पण ‘आंतरपद्धती’ म्हटलं तर कुणाला कळायचं नाही!

– आणि मुलाखतींसारख्या, आकड्यांत न मांडलेल्या माहितीला ‘क्वालिटेटिव्ह’ म्हणतात, त्यासाठी ‘गुणात्मक’ जपून वापरा. पुष्कळांना ते ‘दर्जेदार’ वाटतं.

– आभार. ‘अवलंब’ आणि ‘मिश्र पद्धती’ नक्की केलं. मूळ प्रश्नावली पुन्हा उघडून पाहिली. ‘सोडलं’ला रकानाच नाही. तळटीप घालतोय.